सर्वोच्च कोण हे नंतर. आधी 'संसद' म्हणजे कोण?

'संसद सर्वोच्च की संविधान सर्वोच्च' हा वाद २०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा उफाळला आणि अजून शमायला तयार नाही. एप्रिलमध्ये तेव्हाचे उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी दिल्लीत सांगितलं की संसदेच्या वर कोणतीही सत्ता घटनेने कल्पिलेली नाही. जूनमध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांनी आपल्या गावी, अमरावतीत झालेल्या सत्कारात, सर्वोच्च आहे ते संविधान आणि तिन्ही अंगं त्याच्या चौकटीत काम करतात, असं उत्तर दिल्यासारखं बोलून दाखवलं. मग वाहिन्यांवर आणि संपादकीय पानांवर दोन तट पडले. एक तट 'लोकांनी निवडलेले विरुद्ध कोणीच न निवडलेले' एवढंच पालुपद लावून बसला, दुसरा केशवानंद भारती खटल्याचा, म्हणजे घटनेची मूलभूत संरचना संसदेलाही मोडता येत नाही या १९७३ च्या निकालाचा, जप करत राहिला. या सगळ्यात एक गोष्ट कोणी विचारली नाही. ही जी संसद सर्वोच्च आहे किंवा नाही म्हणून आपण भांडतोय, ती नेमकी कोण? माझं म्हणणं असं की दोन्ही तट 'संसद' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात सरकार असतं. आणि संसदेचा अधिकार गेल्या पाऊणशे वर्षांत जेव्हा जेव्हा आकसला, तेव्हा तो बहुतेक वेळा न्यायालयाने काढून घेतलेला नाही. तो सरकारने काढून घेतलाय. सर्वोच्चतेची लढाई चुकीच्या दारात लढली जातेय.

घटनेचा मजकूर याबाबत अगदी कोरडा आणि स्पष्ट आहे. कलम ७९ नुसार संसद म्हणजे राष्ट्रपती, राज्यसभा आणि लोकसभा. बस्स. त्यात पंतप्रधान नाहीत, मंत्रिमंडळ नाही. ते आधीच्या प्रकरणात, कार्यकारी सत्तेच्या सदरात येतात. घटनेच्या पाचव्या भागाची मांडणीच पाहण्यासारखी आहे: पहिलं प्रकरण कार्यकारी सत्तेचं, दुसरं संसदेचं, चौथं न्यायसंस्थेचं. मधलं तिसरं प्रकरण अवघ्या एका कलमाचं, क्रमांक १२३, म्हणजे अध्यादेश: अधिवेशन चालू नसताना सरकारने काढलेला तात्पुरता कायदा. संसद आणि न्यायालय यांच्या मधोमध सरकारची ही एक चोरवाट आहे. तिच्याकडे पुढे येतोच.

आता आपलं रोजचं बोलणं बघा. 'संसदेने कायदा केला' असं आपण म्हणतो तेव्हा विधेयक एखाद्या मंत्रालयात लिहिलेलं असतं, मंत्रिमंडळाने मंजूर केलेलं असतं आणि सभागृहात त्यावर 'होय'चा गजर झालेला असतो. मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं विधेयक कायदा झाल्याचं शेवटचं उदाहरण १९७० सालचं. स्वातंत्र्यानंतर अशी विधेयकं मिळून झाली १४. तेव्हा संसद आणि सरकार यांची गल्लत हा नुसता अडाणीपणा आहे असं मी म्हणणार नाही. लोक जे पाहतात तेच बोलतात. गंमत अशी की युवा संसद, धर्मसंसद, किसान संसद या जोडशब्दांत तो शब्द अजून माणसांनी एकत्र जमून बोलण्याची जागा या अर्थाने शिल्लक आहे. दिल्लीतल्या मूळ संसदेबाबत मात्र 'संसदेने सरकारला अमुक करायला भाग पाडलं' हे वाक्य तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत?

संसदेच्या सर्वोच्चतेची बाजू हास्यास्पद नाही, आणि तिची सर्वांत दमदार मांडणी मराठी माणसाच्या तोंडून झालेली आहे. १९६७ च्या गोलकनाथ निकालात सर्वोच्च न्यायालयाने ११ जणांच्या पीठात ६ विरुद्ध ५ अशा फरकाने ठरवलं की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांना हे पटलं नाही. संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार परत मिळवून देणारं विधेयक त्यांनी स्वतः मांडलं. त्यामागे अनुभव होता: जमीनदारी निर्मूलनाचा बिहारचा कायदा पाटणा उच्च न्यायालयात पडला होता, आणि त्यावर उपाय म्हणून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती करावी लागली होती. पुढे १९७० मध्ये बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदाही न्यायालयाने रद्द केला. मालमत्तेच्या बाजूने झुकणाऱ्या न्यायासनापुढे गरिबाच्या मताने निवडलेल्या सभागृहाने हात टेकायचे का, हा प्रश्न खोटा नव्हता. आजही नाही. न्यायाधीशांच्या नेमणुकांसाठीची ९९ वी घटनादुरुस्ती २०१४ मध्ये लोकसभेत एकही विरोधी मत न पडता मंजूर झाली आणि पुढच्याच वर्षी न्यायालयाने ४ विरुद्ध १ मताने ती रद्द केली. न्यायाधीशांनीच न्यायाधीश नेमायचे, त्याची कारणं कोणाला सांगायची नाहीत आणि यात बदल करू पाहणारी दुरुस्तीही स्वतःच मोडीत काढायची, या पद्धतीचं समर्थन मला जमत नाही.

पण नाथ पै बसत कुठे होते? प्रजा समाजवादी पक्षाच्या, म्हणजे विरोधी बाकांवर. त्यांच्या तोंडी 'संसद' म्हणजे सरकार असणं शक्यच नव्हतं. ज्या सभागृहात एक विरोधी खासदार घटनादुरुस्तीचं विधेयक मांडतो, ते संयुक्त समितीकडे जातं आणि देशभर त्यावर खल होतो, त्या सभागृहासाठी ते अधिकार मागत होते. १९७१ च्या जानेवारीत ते गेले. त्याच वर्षी २४ व्या दुरुस्तीने तो अधिकार आला, पण तो कोणाच्या हाती पडला हे कळायला फार वाट पाहावी लागली नाही.

१९७५ चा ऑगस्ट आठवा. अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधानांची निवडणूक रद्द केलेली, आणीबाणी जारी, सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी ११ तारखेला. ७ ऑगस्टला ३९ वी घटनादुरुस्ती लोकसभेत आली आणि त्याच दिवशी मंजूर झाली. ८ ला राज्यसभा. ९ ला राज्यांच्या विधानसभांची संमती. १० ला राष्ट्रपतींची सही. तिचं सार एवढंच की पंतप्रधानांच्या निवडणुकीला कोणत्याही न्यायालयाने हात लावायचा नाही. विरोधी पक्षांचे कितीतरी खासदार तेव्हा तुरुंगात होते. जुलैच्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास आणि खासगी सदस्यांचं कामकाज आधीच बाजूला सारलं होतं, आणि सभागृहात जे बोललं जाई तेही सेन्सॉरच्या चाळणीतून बाहेर येई. या चार दिवसांत 'संसद' बोलली असं म्हणायचं? कलम ७९ मधली तिन्ही अंगं आपापल्या जागी होती, ठराव रीतसर झाले, मतं मोजली गेली. तरीही ज्याला आपण संसद म्हणतो ते तिथे नव्हतं, कारण सरकारला जाब विचारू शकणारी माणसं गजाआड होती. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने ते कलम रद्द केलं तेव्हा धक्का बसला तो सरकारला. संसदेचा मान राखला तो नरसिंहगडच्या तुरुंगात राहिलेल्या मधू लिमयांनी. लोकसभेने स्वतःची मुदत वाढवून घेतली तेव्हा, लोकांनी दिलेली पाच वर्षं संपली म्हणून, त्यांनी आणि शरद यादव यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. बाकीच्यांनी नाही दिला.

'पण संसदेच्या सर्वोच्चतेचं तत्त्व तर ब्रिटनचं, तिथे न्यायालयं असं काही करत नाहीत', हा युक्तिवाद हमखास येतो. तो अर्धाच खरा आहे. ब्रिटिश पार्लमेंटने केलेला कायदा तिथलं न्यायालय रद्द करत नाही, हे मान्य. पण ही सर्वोच्चता मुळात कोणाविरुद्ध मिळवलेली? राजाविरुद्ध. १६८९ च्या हक्कांच्या सनदेत राजाला बजावलं गेलं की पार्लमेंटच्या संमतीवाचून कायदा तहकूब करायचा नाही आणि कर बसवायचा नाही. न्यायाधीशांशी ते भांडण नव्हतंच. त्या जुन्या तत्त्वाची आजची आवृत्ती पाहायची तर ब्रेक्झिटचे दोन निकाल पुरेत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, युरोपीय संघातून बाहेर पडण्याची नोटीस सरकारला परस्पर देता येणार नाही, आधी पार्लमेंटचा कायदा हवा. सप्टेंबर २०१९ मध्ये, बोरिस जॉन्सन यांनी ऐन मोक्याच्या वेळी पार्लमेंट पाच आठवडे बंद ठेवण्याचा घाट घातला, तेव्हा ११ न्यायाधीशांनी एकमताने ते बेकायदा ठरवलं आणि सभागृह दुसऱ्याच दिवशी पुन्हा भरलं. संसदीय सर्वोच्चतेच्या माहेरघरात न्यायालयाने सरकारच्या तावडीतून संसद सोडवली. आणि ओरड काय झाली? न्यायाधीश जनतेच्या इच्छेआड येतात. तिथेही सरकारला संसद समजण्याची सवय लागलेली होतीच.

आपल्याकडे २०२५ चा वाद ज्या निकालावरून पेटला त्याची गोष्टही अशीच उलटी आहे. तमिळनाडूच्या विधानसभेने मंजूर केलेली विधेयकं राज्यपालांनी अडवून ठेवली होती. यातली १० विधेयकं न्यायालयाने मंजूर झाल्याचं मानलं आणि राज्यपाल-राष्ट्रपतींना निर्णयासाठी मुदत घालून दिली. ती मुदत घालणं जास्तच झालं असं अनेकांचं म्हणणं होतं, आणि नोव्हेंबरमध्ये घटनापीठानेही न्यायालयाला अशी मुदत ठरवता येत नाही असं मत दिलं. ते ठीक. पण मूळ भांडणात लोकांनी निवडलेलं कोण होतं? विधानसभा. आणि कोणीच न निवडलेलं? राज्यपाल. तरीही या निकालावर 'लोकनियुक्तांच्या अधिकारावर घाला' म्हणून टीका झाली. साप समजून भुई धोपटणं याहून वेगळं काय असतं!

यावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. संसदीय पद्धतीत सरकार संसदेच्या पोटातूनच जन्माला येतं. अमेरिकेसारखी इथे भिंत नाही. लोकसभेचं बहुमत म्हणजेच सरकार, मग बहुमताची इच्छा ही संसदेची इच्छा मानली तर बिघडलं कुठे? बिघडतं ते असं. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी ही पद्धत का निवडली ते सांगितलं. स्थैर्य जास्त देणारी अमेरिकी पद्धत आणि उत्तरदायित्व जास्त देणारी संसदीय पद्धत, या दोहोंत त्यांनी दुसरी पत्करली. कारण हिच्यात सरकारचा हिशेब दुहेरी होतो: मतदार तो ठरावीक मुदतीने करतो, आणि सभागृहातले सदस्य प्रश्न, ठराव, तहकुबी सूचना, अविश्वास ठराव यांतून रोजच्या रोज करतात. म्हणजे सरकार संसदेत बसतं ते हिशेब द्यायला. बहुमत असलं की हा रोजचा हिशेब माफ, असं मानलं तर आपण स्थैर्यही गमावलं आणि उत्तरदायित्वही.

हा रोजचा हिशेब प्रत्यक्षात कसा दिसतो ते १९५७ च्या डिसेंबरात दिसलं होतं. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले होते. विमा नुकताच सरकारच्या ताब्यात आलेला, म्हणजे पैसा सामान्य विमाधारकांचा. लोकसभेत उठून अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांच्यासमोर व्यवहाराची चिरफाड केली ती फिरोज गांधी यांनी: काँग्रेसचेच खासदार, पंतप्रधानांचे जावई. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी उघड्या दालनात सुनावणी घेतली, महिन्याभरात काम उरकलं, आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री घरी गेले. इथे संसद आणि न्यायमूर्ती एकमेकांसमोर उभे नव्हते, दोघंही सरकारसमोर उभे होते. सत्ताधारी बाकावरून आपल्याच मंत्र्याला असा घाम फोडणारा खासदार आज डोळ्यांसमोर आणून पाहा. त्याचं पुढच्या निवडणुकीचं तिकीट राहील का?

तिकिटाची धास्ती १९५७ मध्येही असेलच. पण १९८५ नंतर तिच्यासोबत कायदा आला. घटनेच्या दहाव्या परिशिष्टाने, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, पक्षादेश मोडून मत देणाऱ्याची खासदारकीच धोक्यात आणली, मग तो अविश्वास ठराव असो की साधं दुरुस्ती विधेयक. आयाराम-गयारामांना चाप हवाच होता, हे मला पूर्ण मान्य आहे. पण चाप बसला कोणाला? २०२२ नंतर 'प्रतोद' हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला, गट फुटायचे ते फुटले, सरकारं पडायची ती पडली. फुटीला या कायद्याने अटकाव केला नाही. एकट्या खासदाराच्या सद्सद्विवेकाला तेवढा केला. पक्षादेशाची सक्ती सरकारच्या अस्तित्वाशी निगडित मतदानापुरती ठेवा, अशी शिफारस दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच केली होती. कुठल्याच पक्षाला ती मानवली नाही. संसद सर्वोच्च म्हणणाऱ्या किती जणांनी ही मागणी लावून धरली आहे?

आता त्या चोरवाटेकडे, अध्यादेशाकडे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर हे काँग्रेसचे आणि नेहरूंना मानणारे. तरीही अध्यादेशांचा सपाटा पाहून त्यांनी १९५० मध्ये सरकारला लेखी कळवलं की ही पद्धत मुळातच लोकशाहीविरोधी आहे, आणि १९५४ मध्ये पुन्हा तीच तक्रार केली. अध्यक्ष आपल्याच पक्षाच्या पंतप्रधानाला सभागृहाच्या वतीने सुनावतो, हे चित्र आज कल्पनेतही उभं राहत नाही. पुढची गोष्ट पुण्याची आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी बिहारची राजपत्रं धुंडाळून काढली, तेव्हा आढळलं की १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले गेले, काही तर चौदा वर्षं. विधिमंडळ अस्तित्वात होतं, भरतही होतं, फक्त त्याला विचारायची गरज कोणाला वाटत नव्हती. वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८६ मध्ये न्यायालयाने याला घटनेशी केलेला कपटाचार ठरवलं. विधिमंडळाचा हिरावलेला अधिकार त्याला परत मिळवून दिला तो कोणी? एका अभ्यासकाने आणि न्यायालयाने. त्या चौदा वर्षांत पाटण्यात वेगवेगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली होती.

दिल्लीत २०१५ मध्ये भूसंपादनाचा अध्यादेश असाच पुन्हा पुन्हा काढला गेला. एप्रिलमध्ये तो नव्याने काढता यावा म्हणून राज्यसभेचं अधिवेशन मध्येच संस्थगित केलं गेलं. पण राज्यसभेत सरकारकडे संख्याबळ नव्हतं, विरोध वाढत गेला आणि ऑगस्टअखेर तो अध्यादेश मुदत संपून आपोआप रद्द होऊ द्यावा लागला. लोकसभेत दणदणीत बहुमत असतानाही! 'संसदेने सरकारला अडवलं' हे वाक्य इथे खरं ठरलं, आणि ते खरं ठरलं कारण संसद म्हणजे लोकसभेचं बहुमत नव्हे. उलट २०२० चे तीन कृषी कायदे घ्या. आधी अध्यादेश, मग राज्यसभेत मतविभाजनाची मागणी डावलून आवाजी मतदान. २९ नोव्हेंबर २०२१ ला ते मागे घेतले गेले तेही दोन्ही सभागृहांत चर्चा न होता, एका दिवसात. कायदा करतानाही संसदेला विचारलं नाही आणि मोडतानाही नाही. हे कायदे चांगले होते की वाईट, हा प्रश्न तूर्त बाजूला राहू द्या; जे त्यांचे कट्टर समर्थक होते त्यांना तरी ते कोणत्या युक्तिवादाने मागे घेतले हे सभागृहाच्या कामकाजात कुठे वाचायला मिळतं?

विरोधकांनी घातलेल्या गोंधळाने संसद चालत नाही, मग सरकारने काय करायचं, असं विचारलं जातं. खरं आहे. २०१० चं अख्खं हिवाळी अधिवेशन स्पेक्ट्रम घोटाळ्याच्या संयुक्त समितीच्या मागणीपायी वाहून गेलं, तेव्हा आजचे सत्ताधारी विरोधात होते. बाकं बदलली की भूमिका बदलतात, यात कोणीही धुतल्या तांदळाचं नाही. पण कामकाज बंद पडल्याचा तोटा दोघांना सारखा होत नाही. सरकारची विधेयकं गोंधळातही मंजूर होतात. बुडतात ते प्रश्न. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले आणि त्याच दिवसांत फौजदारी कायद्यांची तीन नवी विधेयकं मंजूर झाली. दीडशे वर्षांचा भारतीय दंड विधान बदलत होता आणि विरोधी बाकांचा मोठा भाग रिकामा होता.

आणि सभागृह भरणार कधी, हे ठरवतं कोण? कलम ८५ एवढंच सांगतं की दोन अधिवेशनांत सहा महिन्यांचं अंतर पडता कामा नये. बोलावणं राष्ट्रपतींच्या नावाने, सल्ला मंत्रिमंडळाचा. ज्याचा हिशेब घ्यायचा तोच हिशेबाची तारीख देतो. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या, सतराव्या लोकसभेच्या २७४. त्यात महासाथीचा वाटा आहे, पण घसरण त्याच्या कितीतरी आधीपासूनची, सगळ्या पक्षांच्या राजवटीतली. सतराव्या लोकसभेने तर पूर्ण पाच वर्षं उपाध्यक्षच निवडला नाही. कलम ९३ मध्ये 'शक्य तितक्या लवकर' म्हटलंय, तरीही. घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००२ मध्ये सुचवलं होतं की वर्षाला लोकसभेच्या किमान १२० आणि राज्यसभेच्या किमान १०० बैठका व्हाव्यात. ती शिफारस तशीच पडून आहे. संसदेच्या सर्वोच्चतेची ज्यांना खरोखर चाड आहे त्यांनी ही संख्या घटनेत घालणारी दुरुस्ती आणावी. ठरावीक संख्येने सदस्यांनी मागणी केली तर अधिवेशन बोलावणं बंधनकारक करावं, आणि पक्षादेशाची सक्ती विश्वासमतापुरती करावी. यातल्या एकाही गोष्टीला मूलभूत संरचनेचा सिद्धांत आडवा येत नाही. कोणतंही न्यायालय ती अडवणार नाही. अडवलंच तर ते मंत्रिमंडळ अडवेल.